कट्टा अन् वर अर्धा

खड्डा आला की खडाक, स्पीड ब्रेकर आला की खडाक, अन् काही नसलं तरी ब्रेक दाबला की खडाक. आमच्या गाडीचं पुढचं डावं चाक असं बोलून राहिलं होतं. मी म्हणे, जुनी गाडी आहे, बोलणारच. मी सत्तरीले आलो, मी नाही का दिवसभर बोलत? पण त्या दिवशी प्रेमलताले हॉस्पिटलातून घरी आणून राहिलो होतो, अन् पारडीजवळ चाक खड्ड्यात गेलं. खडाक झालं, अन् त्याच्यावर तिची किंकाळी.

प्रेमलता माझी बायको. मेघाच्या वेळी बाळंत झाली, तवा दाराबाहेर आवाज आला नव्हता तिचा. ती बाई अशी ओरडली की बाजूच्या स्कूटरवाल्यानं वळून पाह्यलं. छातीतला कॅन्सर तिच्या पाठीच्या मणक्यांत उतरला होता, अन् नेमका त्याच मणक्यांवर माझ्या गाडीनं हातोडा हाणला होता. मी गाडी बाजूले लावली, खाली उतरलो अन् चाकाले लाथ घातली.

“बाबा, लाथ मारून काय होते?” मागच्या सीटवरून मेघा म्हणे. मेघा आमची एकुलती एक पोरगी. घर तिचं धरमपेठेत, पण आईच्या दुखण्यापासून आमच्याइथंच मुक्काम.

“मले बरं वाटते,” मी म्हटलं. वाटलं काही नाही, अंगठा मात्र सुजला.

डॉक्टरनं त्याच दिवशी मले बाजूले घेऊन सांगितलं होतं. काका, रेडिएशनचे शेक देऊन झाले, औषधं देऊन झाली, आता घरी न्या. काकूंच्या मनात जे असन ते करून टाका, उशीर करू नका. चांगला माणूस होता, खाली पाहून बोलला. मलेच त्याची कीव आली.

तिच्या मनात एकच होतं, बहिणीले भेटाचं. तिची मोठी बहीण पार्वतीबाई काटोलच्या अलीकडे खेड्यात राहते. माय लवकर गेली, तवा या बहिणीनंच प्रेमलताची वेणी घातली, तिले शाळेत धाडलं, माझ्यासारख्या तापट माणसाले पाहून, पारखून तिचं लग्न लावलं. आता पार्वतीबाईचे डोळे काचबिंदूनं गेले, अन् मागच्या साली खुब्याचं हाड मोडल्यापासून ती खाटेवरच आहे. ती इकडे येऊ शकत नाही, म्हणजे हिलेच तिकडे जाणं आलं.

मेघा म्हणे, “आई, मोबाईलवर बोल ना मावशीसंग.”

“बोलते ना रोज. पण तिले दिसत नाही वं. ती हातानं पाहते. मोबाईलमधून हात लावता येते का?”

मी म्हटलं, अॅम्ब्युलन्स करतो. तर ही बाई उशीवरची मान उचलून माझ्यावर डोळे काढते. “आडवी होऊन मी बहिणीच्या दारात जाणार नाही जी. तो भोंगा ऐकून ती तिथंच छाती पिटन. मी आपल्या गाडीत बसून जाईन, पुढच्या सीटवर, काच खाली करून.” बोलून दमली, मंग हळूच म्हणे, “फक्त तो खडाक बंद करा. तो मले सहन नाही होत.”

लग्नापासून तिनं मले काही मागितलं असन तर ते इतकंच. अन् मी मनात म्हटलं, मनोहरराव, एवढं जमलं नाही तर तुमच्या मिशीले आग लावा.

मी कळमन्याच्या धान्यबाजारात, यार्डात जिंदगी काढली. आधी हमाल, मंग मापारी. मापारी म्हणजे मालाचं वजन करून आकडा मोठ्यानं सांगणारा. तो आकडा मांडणारा मांडते, अन् त्याच्यावर शेतकऱ्याचे अन् अडत्याचे पैसे ठरतात. मोजताना पहिल्या मापाले आम्ही एक म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतो. लाभ, मंग दोन, मंग तीन. अन् कट्टा म्हणजे अर्ध्या क्विंटलचं पोतं. पाठीवर कट्टा पडला की काट्याच्या आधी मले कळे तो भरला का नाही. शेतकरीही मले शिव्या देत, अडतेही देत, पण खोटं वजन मी कोणासाठी सांगितलं नाही. ही गाडीही एका अडत्यानं वापरून विकलेली. परदेशी बनावटीची, जड, मऊ, राजासारखी चालणारी. निदान तवा चालत होती.

प्रेमलताले माझ्या या मापाचं भारी कौतुक, अन् भारी रागही. दिवाळीत नवीन लुगडं नेसून समोर उभी राहे अन् विचारे, “मी किती भरते सांगा जी.” मी वरून खालपर्यंत पाही अन् यार्डातल्या आवाजात सांगे, “कट्टा अन् वर अर्धा!” की लागली चिडाले. “एवढं तोंड उघडून सांगाले मी तूर आहे का?” दुपारपर्यंत चिवडा बंद. दुसऱ्या दिवाळीले पुन्हा विचारे, पुन्हा चिडे. मले वाटे, ही चिडाले म्हणूनच विचारते.

हॉस्पिटलात मात्र तिले काट्यावर उभं करत, तवा मी चहा प्याले बाहेर जाई. दुसऱ्यानं सांगितलेलं वजन मले चालत नाही, असं मी मेघाले सांगत होतो.

तर गाडी घेऊन मी अंकुशकडे गेलो. रिंग रोडले टिनाच्या शेडात गॅरेज आहे त्याचं. त्यानं गाडी वर चढवली, दिवा घेऊन खाली शिरला अन् मले हाक मारली. “काका, वाका जरा. हे पाहा.” डाव्या चाकाकडून आत येणारा एक लोखंडी हात होता. तो गाडीले जिथं जोडला आहे, तिथं काळं, चिकट काहीतरी ओघळून वाळलं होतं.

“इंजिनाचं तेल?”

“नाही. हा बुश आहे, रबराचा. तुमच्या गाडीत बुशच्या पोटात तेल भरलेलं राहते. खड्ड्याचा मार ते तेल खाते. आता रबर फाटलं, तेल सारं गळून गेलं. मंग मार कोण खाणार?”

“माझी बायको,” मी म्हटलं.

अंकुशनं दिवा खाली केला. पोरगा तिशीतला असन, पण समजदार. त्याले मी सारं सांगितलं, बहीण, काटोल, मणके. सांगताना रडू आलं ते मी खोकल्यात घातलं. तो म्हणे, “काका, हा बुश तर जुना दिसत नाही. कधी बदलवला होता?”

“मागच्या दिवाळीत. दुसरीकडे.”

“तेच. त्यानं गाडी हवेत टांगलेली असतानाच बोल्ट कसला. टांगल्यावर चाक खाली लोंबते, अन् रबर तिथंच आवळल्या जाते. गाडी जमिनीवर आली की चाक वर येते, पण रबर त्याच जागी धरलेलं. मंग ते पिळलेलंच राहते, ओला टॉवेल पिळून धरावा तसं. गाडी उभी असली तरी पिळलेलं. फाटणार नाही तर काय?”

मले इतका राग आला की त्या दुसऱ्या गॅरेजवाल्याचं नाव घेऊन मी चार शब्द बोललो, ते इथं सांगण्यासारखे नाहीत. अंकुशनं ऐकून घेतले. मंग म्हणे, “दोन रस्ते आहेत. बिनतेलाचा भरीव बुश आज मिळते, टिकते जास्त, पण कडक राहते. तेलाचा मागवावा लागन, तीन-चार दिवस जातीन.”

“तेलाचा मागव. अन् बाबू, लवकर. माझ्याकडे दिवस नाहीत.”

ते तीन-चार दिवस कसे गेले ते आमचे आम्हाले माहीत. प्रेमलतानं जेवण सोडल्यासारखं केलं होतं. चमचाभर वरणाचं पाणी घेई अन् विचारे, “आला का जी तो रबर?” जसा काही पाहुणाच येणार होता. मेघा रात्री तिचं अंग पुसे, लुगडं बदलवे, कमरेचा पट्टा बांधे. मी दाराच्या बाहेर. मले भ्या वाटे, आपला हात लागला अन् हिले दुखलं तर? हमालाचे हात, त्यांले हळू कधी शिकवलंच नाही कोणी.

बुश आला. अंकुशनं जुना दाबून काढला, नवा दाबून बसवला, हात जागेवर लावला अन् बोल्ट नुसते अडकवून ठेवले. गाडी खाली उतरवून खड्ड्यावर घेतली, तो खाली उतरून काम करते त्या खड्ड्यावर. म्हणे, “आता गाडी चार पायांवर उभी आहे. आत माणसं बसवा, जशी त्या दिवशी बसणार तशी. मंग मी खालून कसतो. म्हणजे रबर बिनापिळाचं राहीन.”

“पुढं डावीकडं तीच बसणार. तिले कशी आणू?”

“माझ्या वॉचमनले बसवतो ना.”

मी वॉचमनकडे पाह्यलं. वाळलेली भेंडी. “अरे, हे काय वजन आहे? बसवाचं तर बरोबर बसव. थांब, मी कट्टे आणतो.”

“काका, एवढं काटेकोर नाही लागत.”

“तुले नसन लागत. मी मापारी आहे.”

यार्ड जवळच. माझ्या ओळखीच्या अडत्याकडून ई-रिक्षात चण्याचे दोन कट्टे आणले, एक भरलेला, एक अर्धा रिकामा केलेला. पुढच्या सीटवर भरलेला कट्टा उभा ठेवला, त्याच्या मांडीत अर्धा ठेवला, अन् हललं नाही पाहिजे म्हणून वरून सीटचा पट्टा लावला. मी स्टेअरिंगवर बसलो. मेघाले फोन करून बोलावलं होतं, तिले मागं बसाचं होतं. तिनं मागचं दार उघडलं अन् पुढं पाहत तशीच उभी राह्यली.

“बाबा, हे काय आहे?”

“तुझी आई. कट्टा अन् वर अर्धा. बस मागं.”

ती बसली नाही. पुढं आली, वाकली, अन् त्या अर्ध्या कट्ट्यावर हात ठेवून हळू बोलली. “बाबा, आई एवढी कुठं राह्यली आता?”

माझं टकुरंच फिरलं. “तू मले वजन शिकवते? तू? तुझा जन्म व्हाच्या आधीपासून मी माप सांगून राहिलो. साऱ्या यार्डाले विचार, मनोहररावचं माप कधी चुकलं का!”

“हा अर्धा काढून टाका बाबा. मी रोज उचलते तिले.”

“हात लावाचा नाही!”

अख्ख्या शेडानं ऐकलं. खालून अंकुश म्हणे, “ताई, असू द्या, इतक्या-तितक्यानं गाडीले फरक पडत नाही.” मेघानं डोळे पुसले अन् मागं जाऊन बसली. खाली पान्याचा करकर आवाज आला, एकदा, दोनदा, मंग थांबला. मी समोर काचेतून पाहत होतो. बाजूले पट्टा लावलेले दोन कट्टे बसले होते, अन् मी त्यांच्याकडे मान वळवली नाही.

कट्टे उतरवून एक चक्कर मारली. पारडीचा तोच खड्डा मी मुद्दाम गाठला. चाक खाली गेलं, वर आलं, आवाज नाही. पुन्हा मागं घेऊन पुन्हा घातलं. आवाज नाही. इतका आनंद झाला मले की परत येऊन मी अंकुशले मिठी मारली, तेलकट कपड्यांसकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं तापाच्या आत निघाचं ठरलं. मेघानं आईले हिरवं लुगडं नेसवलं, केस विंचरले, गोळी दिली. चाकाची खुर्ची आमच्या दाराच्या पायऱ्यांवरून उतरत नव्हती, म्हणून मेघा बाजूच्या पोरांले बोलवाले निघाली. प्रेमलता म्हणे, “त्यांले काहून बोलावते? हे काय उभे आहेत. तुम्ही उचला जी.”

“मी?”

“एवढे कट्टे उचलले लोकांचे. मले एकदा उचलाले काय झालं?”

नाही म्हणाले जागाच ठेवली नाही तिनं. मी बनियनवर हात पुसले. एक हात पाठीखाली घातला, एक गुडघ्यांखाली. मेघानं मान धरली. हमाल जसा कट्ट्याखाली पाय रोवते, कंबर आवळते, श्वास धरते, तसा मी श्वास धरला. कट्टा अन् वर अर्धा उचलाचा होता मले.

अन् उचललं तर मी मागंच गेलो. तोल गेला माझा. भिंतीले पाठ लागली म्हणून वाचलो. अंगातला सारा जोर फुकट गेला, कारण उचलाले काही नव्हतंच. हिरवं लुगडं होतं, पट्टा होता, अन् आत ती होती, पाऊण कट्टा. पाऊणही कसाबसा. माझ्या हातांनी ते मले सांगितलं, अन् हात माझे खोटं बोलत नाहीत. इतकी गेली होती, अन् मी बाहेर चहा पित राहिलो होतो. ओरडावं वाटलं. ओरडलो नाही. जिंदगीभराची सवय, वजन हातात आलं की तोंडातून निघते, तोच शब्द निघाला.

“लाभ.”

मेघानं तोंड फिरवलं. प्रेमलतानं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं होतं, ती तिथंच हसली. तिचं हसू मले मानेले लागलं. “लाभ म्हटलं. आकडा नाही सांगितला? किती भरली मी?”

“बस आधी गाडीत,” मी म्हटलं.

रस्ता काही चांगला नव्हता. काटोल नाक्यापुढं काम चालू, जागोजागी खोदलेलं, गिट्टी पसरलेली. मी बैलगाडीच्या चालीनं हाकून राहिलो होतो. मागचे हॉर्न वाजवत, मी त्यांच्या सात पिढ्या मनातल्या मनात काढत होतो. पहिला मोठा खड्डा आला, माझे दात आवळले. चाक उतरलं, चढलं. मी तिच्याकडे पाह्यलं. तिनं दाराची मूठ घट्ट धरली होती, डोळे मिटले होते. दुसरा खड्डा गेला. तिसरा गेला. मंग तिनं डोळे उघडले.

“बंद झाला जी.”

“दुखलं का?”

“दुखते तर बसल्या जागीही. पण तो मारत नाही आता.” तिनं मूठ सोडली, काच खाली केली. वाऱ्यानं तिचे उरलेसुरले केस उडत होते. संत्र्याचे बगीचे लागले, तशी ती एकेकाचं नाव सांगाले लागली, हा अमक्याचा, तो तमक्याचा, लहानपणी इथून चोरले होते. सांगता सांगता झोपली. त्या खोदलेल्या रस्त्यावर माझी बायको गाडीत झोपली, यापेक्षा मोठं मी देवाले काही मागितलं नव्हतं.

पार्वतीबाईच्या दारात गाडी लावली. तिच्या सुनेनं खाटेच्या बाजूले दुसरी खाट टाकून ठेवली होती. मी प्रेमलताले पुन्हा उचललं, या वेळी जोर न लावता, जेवढा लागते तेवढाच. तिनं माझ्या कानात म्हटलं, “दोन.” मी तिले हळूच बहिणीच्या कुशीशी टेकवलं.

पार्वतीबाईचे हात आधीच हवेत होते. आधी त्यांनी तोंड पाह्यलं, कपाळ, नाक, हनुवटी. मंग खांदा. मंग दंडावरून खाली उतरत मनगटापाशी आले, जिथून बांगडी सरकून कोपरापर्यंत गेली होती. तिथं ते हात थांबले.

“प्रेमा,” पार्वतीबाई म्हणे, “हात कुठं गेला वं तुझा? किती वाळली तू?” आवाज फाटाले लागला होता तिचा. फुटक्या डोळ्यांतून पाणी आलं.

प्रेमलतानं माझ्याकडे पाह्यलं. दिवाळीत पाहे, तसंच. “काही वाळली नाही, बाई. तुझीच बोटं जाड झाली. सकाळी यांनी उचलून मोजलं मले. विचार यांले, कळमन्याचा मापारी आहे, आजवर कोणासाठी खोटं बोलला नाही.” अन् मले म्हणे, “सांगा जी बाईले. किती भरली मी?”

ती मले विचारून नव्हती राहिली, मागून राहिली होती. सारं माहीत होतं तिले. माझ्या हातात काय आलं ते तिले माझ्या आधीपासून माहीत होतं.

यार्डात आकडा सांगाले आवाज मोठा लागते, शेवटी उभ्या असलेल्या शेतकऱ्यालेही ऐकू गेला पाहिजे. मी छाती भरून घेतली.

“कट्टा अन् वर अर्धा!”

“ऐकलं?” प्रेमलता बहिणीले म्हणे. “चिवडा देऊ नको यांले.”

आंधळ्या डोळ्यांनी पार्वतीबाईनं माझ्या बाजूले तोंड केलं. “मंग तेवढीच असन,” ती म्हणे, अन् ते मनगट तिनं सोडलं नाही.